अस्सलबरहुकूम नक्कल



भंडाऱ्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मी कविता लिहितो हे थोड्यांना माहीत आहे. ‘झेरॉक्सवाले चाचा’ म्हणून मात्र सगळे ओळखतात. सातबारा, टीसी, जातीचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक यांच्या प्रती काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आमच्या धंद्यात प्रत काढणं आणि प्रत खरी ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मशीनमधून निघालेला कागद ही नुसती नक्कल. मूळ कागद शेजारी ठेवून, ओळ न् ओळ ताडून, कोणीतरी खाली सही केली की ती ‘सत्यप्रत’ होते. जुन्या दप्तरांत यासाठी ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असे भारदस्त शब्द असत. अस्सल म्हणजे मूळ आणि बरहुकूम म्हणजे अगदी तसंच.

आज बोलायचं आहे ते कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कच्या अशा अस्सलबरहुकूम नकलेबद्दल. मी बी.ए. झालेला माणूस, विज्ञान शाळेत सुटलं ते सुटलंच. पण हा विषय मी पुस्तकातून शिकलो नाही, ठेच लागून शिकलो. ती ठेच आधी सांगतो.

२०१३ सालचा फेब्रुवारी. दिवेलागणीला वीज गेली, आली, पुन्हा गेली. यूपीएसची बॅटरी महिनाभरापूर्वीच बसली होती. बदलू, बदलू म्हणत राहून गेलं होतं. वीज आल्यावर कॉम्प्युटर सुरू केला तर आतून आवाज यायला लागला, टक्, टक्, टक्. पडद्यावर काहीच नाही. मी बंद केला, पुन्हा चालू केला. असं चार-पाच वेळा केलं. शेवटी आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मुलाला बोलावलं. त्याने आवाज ऐकला आणि म्हणाला, “चाचा, हात लावू नका आता. चालू करून बघितलंत तेवढ्या वेळा आतली चकती खरवडली असेल.”

त्या डिस्कमध्ये माझ्या दोन कवितासंग्रहांची हस्तलिखितं होती. आपल्या झाडीपट्टीतले शब्द गोळा करायचा मला नाद आहे, त्या शब्दांच्या याद्या होत्या. आणि दंडारीची अकरा गाणी होती. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, तिथे दंडार होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. एक म्हातारे दंडार गाणारे होते, आम्ही त्यांना बाबाजी म्हणायचो. नोव्हेंबर २०१२ मध्ये तीन दुपारी त्यांच्या ओसरीवर बसून मी ती गाणी छोट्या रेकॉर्डरवर घेतली होती. घरी येऊन कॉम्प्युटरमध्ये उतरवली आणि पुढच्या खेपेला जागा हवी म्हणून रेकॉर्डर रिकामा केला. पुढची खेप झालीच नाही. जानेवारीत बाबाजी गेले.

आता या गोष्टीतला चांगला भाग. त्याच दुरुस्तीवाल्या मुलाने आठ महिन्यांपूर्वी, जून २०१२ मध्ये, माझ्या डिस्कची ‘इमेज’ काढून दुसऱ्या एका डिस्कवर ठेवली होती. मला तेव्हा ते उगाचचं काम वाटलं होतं. त्याने नवी हार्ड डिस्क आणली, ती इमेज तिच्यावर उतरवली आणि दीड तासात माझा कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. सुरू झाला म्हणजे कसा, तर जून महिन्यातला जसाच्या तसा. तोच पडदा, तेच फॉन्ट, तोच कळफलक. एका संपादकांना लिहिता लिहिता अर्धवट सोडलेलं पत्रसुद्धा होतं तिथेच होतं. दोन्ही कवितासंग्रह वाचले. शब्दांच्या याद्या बऱ्याचशा वाचल्या. बाबाजींची अकरा गाणी गेली, कारण जूनमध्ये ती नव्हतीच. मोडलेली डिस्क नागपूरला दाखवली. चकतीवर ओरखडे पडलेत, काही निघणार नाही, असं उत्तर आलं.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. जे समजलं ते साध्या भाषेत सांगतो.

हार्ड डिस्क म्हणजे आरशासारख्या गुळगुळीत चकत्यांचा एक बंद डबा. आपल्या साध्या कॉम्प्युटरमध्ये ही चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे मारते. तिच्यावर चुंबकीय खुणांनी सगळं लिहिलेलं असतं, आणि ते वाचणारी सुई चकतीला न टेकता वर तरंगत असते. मधलं अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी. धक्का बसला किंवा यंत्र जीर्ण झालं की सुई टेकते आणि ओरखडा पडतो. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या. वजन एका टनाच्या आसपास, आणि मावत होतं सुमारे पन्नास लाख अक्षरांइतकं. आज त्याच्या हजारो पट मजकूर बोटाच्या पेराएवढ्या चिपमध्ये राहतो. नव्या लॅपटॉपमध्ये फिरणारी चकतीच नसते, एसएसडी असते. ती टक्‌टक् करत नाही. पण तीही मरते, आणि अनेकदा आधी काही न सांगता मरते.

मग प्रश्न येतो, आपल्या फाइली पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवल्या की झालं, हे इमेज प्रकरण कशाला? तीन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे कॉम्प्युटर सुरू होण्यासाठी लागणारी यंत्रणा. डिस्कच्या अगदी सुरुवातीला, फाइल म्हणून कधीच न दिसणाऱ्या जागेत, ‘कुठून सुरुवात करायची’ आणि ‘डिस्कचे भाग कसे पाडलेत’ हे लिहिलेलं असतं. साध्या कॉपी-पेस्टने ते येत नाही. सगळ्या फाइली नव्या डिस्कवर टाकल्या तरी त्या डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू होणार नाही. घरातलं सगळं सामान नव्या जागी नेलं, पण भिंती आणि दार मागेच राहिलं, असा तो प्रकार.

दुसरं कारण, प्रोग्राम चालू असताना त्याच्या काही फाइली कुलूपबंद असतात. विंडोज स्वतः चालू असताना स्वतःच्या सगळ्या फाइली साध्या पद्धतीने कॉपी करू देत नाही. जसं आपण उभे असलेली सतरंजी आपल्याला झटकता येत नाही.

आणि तिसरं कारण मराठी माणसाच्या खास जिव्हाळ्याचं. युनिकोड रुळण्याआधी आपण मराठी टाइप करत होतो ते श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर. यातला प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, आणि त्या फॉन्टमधली अक्षरांची मांडणीही वेगळी. खरं तर आपलं ‘क’ त्या फाइलमध्ये ‘क’ म्हणून साठवलेलंच नसे. रोमन अक्षरांच्या किंवा चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट आहे तोवर कविता कविता दिसते. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली तर डोक्यावर टिंबं आणि टोप्या असलेली रोमन अक्षरं, डॉलर, कंस आणि टक्क्यांची जत्रा दिसते. आमच्या भागातल्या किती दिवाळी अंकांच्या आणि स्मरणिकांच्या सीडी आज अशा मुक्या होऊन कपाटात पडल्या आहेत! फाइल वाचली, पण ती वाचणारं यंत्र गेलं. माझे संग्रह वाचले ते इमेजमुळे, कारण इमेजने कवितांच्या फाइलींबरोबर तो फॉन्ट, ते सॉफ्टवेअर आणि तो कळफलक असं अख्खं घर उचलून आणलं होतं. नंतर मी ती सगळी हस्तलिखितं युनिकोडमध्ये आणली. ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टमधला मजकूर आहे त्यांनी हे काम पुढे ढकलू नये.

आता दोन शब्द समजून घेऊ, क्लोन आणि इमेज.

क्लोन हा शब्द मुळात ग्रीक, त्याचा अर्थ डहाळी. म्हणजे आपलं कलम! हापूसची डहाळी दुसऱ्या रोपावर बांधली की फळ येतं ते हापूसचंच. कलम म्हणजे लेखणीसुद्धा, त्यामुळे हा शब्द मला जवळचा वाटतो. डिस्कचं क्लोनिंग म्हणजे एका डिस्कवरचं सगळं दुसऱ्या डिस्कवर थेट उतरवणं. काम झालं की दुसरी डिस्क पहिलीच्या जागी बसवायची, कॉम्प्युटर लगेच सुरू. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवायची असेल तर हाच मार्ग.

इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कचं दाबून लहान केलेलं गाठोडं. एकच फाइल किंवा फाइलींचा एक संच. ती फाइल तशीच वापरता येत नाही, आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवावी लागते. जुन्या फोटो स्टुडिओतली निगेटिव्ह आठवा. निगेटिव्ह भिंतीवर टांगत नाहीत, पण तिच्यातून हव्या तेवढ्या प्रती निघतात. शिवाय एका मोठ्या डिस्कवर जानेवारीची, एप्रिलची, जुलैची अशा अनेक इमेजा ठेवता येतात. क्लोनचं तसं नाही, एक क्लोन म्हणजे एक डिस्क गुंतली.

या कामाचं सगळ्यांत गाजलेलं सॉफ्टवेअर म्हणजे घोस्ट. १९९० च्या दशकाच्या मध्यात न्यूझीलंडच्या मरे हॅझर्ड यांनी ते लिहिलं, १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने विकत घेतलं आणि २०१३ मध्ये नॉर्टन घोस्टची विक्री थांबली. महाराष्ट्रात गावोगाव एमएस-सीआयटीची केंद्रं निघाली त्या काळात दुरुस्तीवाल्या मुलांच्या खिशात घोस्टची सीडी हमखास असे. एक कॉम्प्युटर नीट तयार करायचा, त्याची इमेज काढायची आणि उरलेल्या एकोणीस कॉम्प्युटरांवर उतरवायची. दोन दिवसांचं काम दुपारपर्यंत उरके. पोरं ‘घोस्ट मारून देतो’ असं म्हणत, आणि ऐकणाऱ्याला वाटे भूत उतरवतात की काय! आज क्लोनझिला नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रातल्या मंडळींनी केलेलं. विकत घेण्याजोगी अॅक्रोनिस, मॅक्रियम यांसारखी आहेत. मॅक्रियमची घरगुती मोफत आवृत्ती आता बंद झाली आहे.

काम चालतं कसं? दोन रीती आहेत. पहिली, कॉम्प्युटर त्याच्या डिस्कवरून सुरूच करायचा नाही, पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. मग मूळ डिस्क झोपलेली राहते आणि शांतपणे तिची प्रत काढता येते. क्लोनझिला असंच चालतं. दुसरी रीत म्हणजे विंडोज चालू असतानाच त्या क्षणाचं चित्र गोठवायचं आणि त्या गोठलेल्या चित्राची प्रत काढायची. याला शॅडो कॉपी म्हणतात. तुमचं काम इकडे चालू, प्रत तिकडे चालू.

सॉफ्टवेअर हुशार असतं. डिस्क ५०० जीबीची आणि भरलेली १२० जीबीच असेल तर ते फक्त भरलेला भागच उचलतं. वेळेचा हिशेब सांगतो. यूएसबीची जुनी जोडणी असेल तर सेकंदाला साधारण ३० एमबी जातात, म्हणजे १२० जीबीला तासाहून थोडा जास्त वेळ. नव्या जोडणीत, साध्या हार्ड डिस्कवर, सेकंदाला १०० एमबी धरा, म्हणजे वीस मिनिटं. दर वेळी सगळं उचलायचीही गरज नाही. बरीच सॉफ्टवेअरं एकदा पूर्ण इमेज घेतात आणि पुढे तेवढे बदलच नोंदवतात. हे मी २०१२ मध्ये करत असतो तर नोव्हेंबरची गाणी माझ्याजवळ असती.

डिस्क आजारी वाटत असेल तर तिची आणखी एक रीत आहे. तिच्यातून एकेक फाइल शोधत बसू नका. प्रत्येक मिनिटाला ती आणखी खचत असते. आधी तिची इमेज काढायला लावा आणि मग शोधाशोध त्या इमेजमध्ये करा. यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर जाणकार वापरतात. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं. टक्‌टक् आवाज येत असेल तर मात्र तेही नको. सरळ बंद करा आणि तज्ज्ञाकडे न्या.

आता धोक्याची जागा. क्लोनिंग करताना सॉफ्टवेअर दोन प्रश्न विचारतं, कुठून आणि कुठे. ही नावं उलटी पडली तर रिकाम्या डिस्कचा रिकामेपणा इमानेइतबारे तुमच्या भरलेल्या डिस्कवर उतरतो. नक्कल अस्सलबरहुकूमच होते, पण शून्याची! ‘कुठे’ म्हणून निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते हे लक्षात ठेवा. त्यामुळे दोन्ही डिस्कची नावं आणि आकार कागदावर लिहून घ्यावेत, आणि बटण दाबण्याआधी शेजारच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावेत. इमेज वेगळ्याच बनावटीच्या कॉम्प्युटरवर उतरवली तर तो सुरू होईलच असं नाही. आणि काही सॉफ्टवेअरला डोंगल नावाची छोटी किल्ली लागते, ती किल्ली इमेजमध्ये येत नाही.

इथवर झाली यंत्राची गोष्ट. पण प्रत असणं वेगळं आणि ती वेळेला उपयोगी पडणं वेगळं. याचं एक मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातही जाणवलं होतं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा संगणकी हल्ला युक्रेनमधून सुरू झाला आणि काही तासांत जगभर पसरला. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी त्यात सापडली, आणि आपल्या न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं तिच्या समूहाकडचं टर्मिनल ठप्प झालं. तिकडे कंपनीच्या मुख्य कचेरीत वेगळीच दाणादाण उडाली होती. अख्ख्या जाळ्यात कोण कर्मचारी, कोणाला कुठवर प्रवेश, याचं जणू हजेरीपुस्तक ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर कंपनीकडे होते. ते सतत एकमेकांची प्रत करत, म्हणून त्यांचा वेगळा बॅकअप नव्हता. एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब. हल्ल्यात सगळे एकदम पुसले गेले.

एकच वाचला, आफ्रिकेतल्या घाना देशातल्या कचेरीतला. का वाचला? तर हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती म्हणून! बंद असल्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला राहिला. तिथून इंटरनेटने माहिती पाठवायला बरेच दिवस लागले असते आणि घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून घानाचा माणूस ती डिस्क घेऊन नायजेरियाच्या विमानतळावर गेला, तिथे दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तो लंडनला पोचला. ‘वायर्ड’ मासिकाने २०१८ मध्ये ही हकीकत छापली. पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केल्याचं कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितलं.

विजेच्या जाण्याने माझी डिस्क मोडली आणि विजेच्याच जाण्याने त्यांची वाचली. यातून घ्यायची गोष्ट एवढीच की सदासर्वदा जोडलेली प्रत ही बॅकअप नव्हे. मूळ फाइल पुसली, बिघडली, कुणी कुलूप घालून खंडणी मागितली, तर जोडलेल्या प्रतीचंही तेच होतं. म्हणून इमेज काढून झाली की ती डिस्क कॉम्प्युटरपासून सोडवा आणि कपाटात ठेवा.

पण कुठल्या कपाटात? ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर आपण कोणीच विसरलेलो नाही. गोसीखुर्दचे तेहेतीसही दरवाजे उघडे, आणि भंडाऱ्याच्या सखल वस्त्यांत छातीएवढं पाणी. माझ्या ओळखीतल्या एका डीटीपीवाल्याने वेळच्या वेळी बॅकअप घेतलेला होता. कॉम्प्युटर टेबलावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही एकाच पाण्यात गेली. फोटोग्राफर मंडळींत एक साधा नियम रूढ आहे, तीन-दोन-एक. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी असावी. माझ्याकडे दोन बाहेरच्या डिस्क आहेत. एक घरी, एक साकोलीला बहिणीकडे. ईदला जातो तेव्हा अदलाबदल करतो. कवितांच्या तेवढ्या फाइली तिसऱ्या ठिकाणी, इंटरनेटवर.

प्रतीच्या प्रश्नाला मराठी भाषा फार आधी सामोरी गेली आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपूरला एकत्र केल्या, तो ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ. चक्रधरांचे शिष्य नीळभट भांडारेकार आपल्या भंडाऱ्याचेच, म्हणून ही गोष्ट घरची. परंपरा अशी सांगते की पुढे परचक्राच्या धामधुमीत ग्रंथाची मूळ पोथी हरवली. मग हिराइसा नावाच्या साध्वीच्या पाठांतरातून तो ग्रंथ पुन्हा उभा राहिला. आणखीही लोकांनी आपापल्या आठवणीने तो सिद्ध केला, म्हणून लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ आज आपल्याला दिसतात. दुसऱ्या जागी ठेवलेल्या प्रतीने ग्रंथ वाचवला, पण मूळ पोथी नसल्यामुळे अभ्यासकांच्या वाट्याला पाठभेद आले.

त्याच पंथाने पुढे आपल्या पोथ्या सकळ लिपी या सांकेतिक लिपीत लिहिल्या. मजकूर सुरक्षित राहिला, पण किल्ली पंथातच राहिली, आणि बाहेरच्या जगाला शेकडो वर्षं तो वाचता आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उलगडली. आज इमेजला पासवर्ड घालता येतो, तो जरूर घाला. नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर नावाचं कुलूप कधीकधी आपोआप लागलेलं असतं आणि त्याची ४८ अंकी किल्ली असते. पासवर्ड आणि किल्ली दोन्ही कागदावर लिहा आणि घरातल्या एका तरी माणसाला ती जागा सांगून ठेवा. आपल्या डिस्कची लिपी उलगडायला राजवाडे येणार नाहीत.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि तीच सगळे विसरतात. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात हाफिज कुराण तोंडपाठ म्हणतात. त्यांच्या मागे बहुतेक ठिकाणी दुसरा हाफिज उभा असतो. त्याचं काम फक्त ऐकणं. पुढच्याचा शब्द चुकला की हा तिथल्या तिथे सांगतो. पाठ आहे असं म्हणणं पुरेसं नसतं, कुणीतरी ताडून पाहावं लागतं. इमेजचंही असंच आहे. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हेरिफाय’ नावाची सोय असते. मूळ मजकुराचा गणिती हिशेब आणि प्रतीचा हिशेब जुळतो का, हे ती पाहते. वेळ थोडा जास्त लागतो, पण ती खूण करायची सोडू नका. आणि वर्षातून एकदा तरी इमेज एखाद्या जुन्या मोकळ्या डिस्कवर उतरवून कॉम्प्युटर सुरू होतो का बघा. निदान इमेज उघडून तिच्यातली दोन-चार पत्रं, दोन-चार फोटो वाचून पाहा. कधीही न उघडलेला बॅकअप म्हणजे सही नसलेली झेरॉक्स. ती खरी आहे की नाही हे गरज पडेल त्या दिवशी कळतं, आणि तो दिवस कळण्याचा नसतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने संपवला. त्यानंतर अनेक घरांत आणि दुकानांत जुने कॉम्प्युटर बदलणं किंवा नवं विंडोज टाकणं चाललं आहे. त्या कॉम्प्युटरला कुणाचाही हात लागण्याआधी त्याची एक इमेज काढून घ्या. ‘फॉरमॅट मारून देतो’ हे शब्द ऐकले की आधी विचारा, इमेज काढलीस का बाबा?

मी आता दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी इमेज काढतो. जुम्याच्या नमाजानंतर दुकान तासभर निवांत असतं. आणि कोणाचा आवाज रेकॉर्ड केला तर तो दोन ठिकाणी उतरवून, दोन्हीकडे वाजवून ऐकल्याशिवाय रेकॉर्डर रिकामा करत नाही.

बाबाजींच्या अकरा गाण्यांपैकी एकाची चाल मला अजून येते. शब्द येत नाहीत. त्यांच्या गावात विचारलं, त्यांच्या बरोबरीच्या दोघांनी थोडे थोडे सांगितले, पण दोघांचे जुळत नाहीत. ते दोन्ही मी लिहून ठेवले आहेत. आज रविवार आहे. आपल्या घरातही आजीचा आवाज, आईचा फोटो, मुलाचा प्रबंध एकाच डिस्कवर असेल. दुपारी जेवण झालं की एवढं एक काम करा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)